मंजुळाबाईचे दोन अर्ज

तहसील कचेरीच्या आवारात टेबल टाकून बसणाऱ्या माणसाला लोक अर्जनवीस म्हणतात, अर्ज लिहिणारा म्हणतात, आणि काम झाले नाही तर आणखीही काही म्हणतात. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढे का झाले नाही याची कारणे घरगुती असून ती येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु आठवड्यातले चार दिवस मुरबाड आणि दोन दिवस शहापूर अशी वाटणी करून गेल्या पंचवीस वर्षांत मी जितके कागद लिहिले, तितके पदवीधर माणसाने जन्मात लिहिले नसतील, हे नम्रपणे नमूद करतो.

ज्या भाग्यवान वाचकांना कचेरीची पायरी चढावी लागली नाही, त्यांच्यासाठी हा धंदा थोडक्यात सांगतो. खेड्यातून आलेला माणूस आपले गाऱ्हाणे पणजोबापासून सुरू करतो. साहेबाला पणजोबा नको असतो. साहेबाला हवा असतो वरच्या कोपऱ्यात दिनांक, मधोमध विषय, खाली कारण आणि शेवटी विनंती. माणसाच्या तोंडची गोष्ट साहेबाच्या टेबलावर मावेल एवढी करून देणे, हे आमचे काम. त्यात काय काय मावते म्हणाल, तर शेजाऱ्याचा कोंबडा भलत्या वेळी आरवतो, सबब तहसीलदारसाहेबांनी समक्ष येऊन तो ऐकावा, असाही अर्ज मी लिहिला आहे. टोकावड्याकडच्या एका गृहस्थांसाठी एस.टी.चा थांबा चार पावले पुढे सरकवण्याचा अर्ज लिहिला होता, कारण बसचे दार नेमके गटारावर उघडत असे. थांब्याची पाटी सरकली. गृहस्थ आनंदाने जिवंत कोंबडी घेऊन आले आणि ती दिवसभर माझ्या टेबलाच्या पायाला बांधलेली राहिली. त्या दिवशी माझ्याकडे एकही नवा अर्जदार फिरकला नाही.

या धंद्यात मी एक नियम पाळत असे, आणि तो मला एका अपयशाने शिकवला होता. शहापूरच्या बाजूचा एक शेतकरी पावसात घराची भिंत पडली म्हणून मदत मागायला आला. मी अर्ज चांगला लिहून दिला. पण पाहणीला आलेल्या साहेबांना हा भला माणूस आपण होऊन म्हणाला, ‘भिंतीला तडा तसा आधीचाच होता साहेब.’ झाले! साहेबांनी तडा लिहिला, पाऊस खोडला, आणि मदत गेली. तेव्हापासून मी प्रत्येक अर्जदाराला बजावू लागलो: एका अर्जात एकच कारण आणि एकच मागणी. दुसरे कारण दिले की पहिल्याचे बळ जाते. आणि अर्जात आहे तेवढेच तोंडाने बोलायचे, त्याबाहेरचा एक शब्द नाही. या नियमावर मी शेकडो कामे पार पाडली. मला त्याचा अभिमान होता. म्हणून पुढील हकीकत लिहिताना हात जड होतो.

नव्वद सालानंतरची आठ-नऊ वर्षे उलटून गेली असतील. म्हसा गावची पौषातली बैलांची जत्रा होऊन पंधरवडा झाला होता. दुपारी बाराच्या सुमारास एक म्हातारी आणि तिच्यामागे चाळिशीला टेकलेली एक बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. ती तिची सून. ती खाली पाहत होती आणि डावा हात पदराखाली अंगाशी धरून होती.

“दादा, दवाखान्याचा अर्ज लिवतोस का?” म्हातारीने विचारले.

“कसला दाखला हवा? वयाचा की आजारपणाचा?”

“दाखला नको रे. डाक्तरला द्यायचा कागद पायजे. हिला काय व्हतंय ते त्यात लिव. ती तिथं बोलत नाय.”

“मुकी आहे का?”

“मुकी?” म्हातारी म्हणाली. “घरी ये नि ऐक एकदा.”

तेव्हा सुनेने मान वर केली. तिचे नाव मंजुळाबाई. टोकावड्याच्या पलीकडच्या एका गावाच्या कडेला यांची वस्ती, स्वतःची जमीन नाही, नवरा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो तो पावसाच्या तोंडावर परततो. ती आणि सासू म्हशाच्या जत्रेत रताळी विकायला बसल्या होत्या. शेजारी बैलांची रांग. एका दलालाने बैलाचे दात बघायला तोंड उघडले, बैलाने मान झटकली आणि शिंगाच्या टोकाला बसवलेली पितळी शेंबी हिच्या डाव्या अंगाला लागली. दुखणे हटेना म्हणून ती एका सरकारी दवाखान्यात गेली. कोणता दवाखाना, ते लिहिण्याची गरज नाही. तेव्हा सगळीकडे सारखेच असे. एक खोली, एक टेबल, आणि रांग अशी की मागच्या माणसाचा श्वास पुढच्याच्या मानेवर.

“माज्या मागं आमच्याच गावचा पोलीस पाटील खोकत उभा,” ती म्हणाली. “मी काय सांगू, नि कुठं सांगू? ताप आलाय बोल्ली. तापाच्या गोळ्या घेऊन घरी आली.”

“नि तापबी नव्हता,” म्हातारीने पुस्ती जोडली. “तापाच्या गोळ्या शेवटी मी खाल्ल्या.”

म्हणून यांनी कागदाची युक्ती काढली होती. मला ती युक्ती पसंत पडली. डॉक्टरही साहेबच आणि दुखणे हेही गाऱ्हाणेच. शेजारी चहावाल्याच्या बाकावर पाच-सहा माणसे रिकामी बसली होती, म्हणून मी टेबल भिंतीकडे फिरवले आणि चौकशी सुरू केली. कधी लागले, कशाने लागले, कुठे लागले. ती खालच्या आवाजात सांगत होती. वरच्या बाहेरच्या अंगाला जांभळे झाले होते, ते आता हिरवट पडले आहे, दाबले की कळ काखेपर्यंत जाते, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. मी भरभर लिहून घेत होतो.

“नि भाऊ,” ती मध्येच म्हणाली, “त्याच्या खालच्या अंगाला एक खडा हाय.”

“बैलाचे शिंग लागून झाला?”

“नाय. तो आदीचा.”

“दुखतो का?”

“नाय. तो नाय दुखत.”

“मग तो राहू द्या,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. मी तिला भिंतीच्या तड्याची गोष्ट सांगितली. आधीचे काही निघाले की साहेब लोक हात झटकतात, हे समजावले. डॉक्टर विचारतील, याशिवाय काही आहे का, तर नाही म्हणायचे, हेही बजावले. ती “बरं” म्हणाली. माझ्याकडे येणारा माणूस बरंच म्हणतो. त्यासाठीच तो येतो.

अर्ज सुंदर झाला होता. ‘विषय: बैलाचे शिंग लागल्यामुळे डाव्या स्तनास झालेल्या दुखापतीवर औषधोपचार मिळणेबाबत.’ स्तन हा शब्द मी तोवर कचेरीच्या कागदावर कधी लिहिला नव्हता. तो लिहिताना मी थोडा थांबलो होतो, आणि लिहून झाल्यावर आपण धीट आहोत असे मला वाटले होते.

चार दिवसांनी त्या दोघी परत येऊन सांगून गेल्या. डॉक्टरांनी कागद शांतपणे वाचला, चांगला लिहिलाय म्हणाले, जखम वरून बघितली. याशिवाय काही आहे का, असे त्यांनी खरोखरच विचारले. मंजुळाबाईने ठरल्याप्रमाणे नाही म्हटले. मुका मार आहे, आतले रक्त साकळले की असे काही आठवडे दुखते, हळूहळू ओसरेल, असे सांगून त्यांनी गोळ्या आणि लावायचे औषध दिले, आणि दुखणे राहिलेच तर परत या म्हणाले. मी समाधानाने चहा मागवला. अर्ज पहिल्या फेरीत मंजूर होणे आमच्याकडे रोजचे नव्हे.

शिमगा झाल्यावर त्या दोघी पुन्हा आल्या. उन्हाने कचेरीचे पत्रे कडकड वाजत होते.

“अजून दुखतंय का?” मी विचारले.

“दुखतंय. पण कमी हाय.”

आमच्या धंद्यात पहिल्या अर्जाने काम पुरते झाले नाही की स्मरणपत्र लिहितात. त्यात नवे काहीच लिहायचे नसते. संदर्भ म्हणून जुना अर्ज दाखवायचा आणि तीच विनंती थोड्या कडक शब्दांत करायची. मी कोरा कागद घेतला आणि वर ‘स्मरणपत्र’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

म्हातारीला अक्षर येत नव्हते, पण रेघा तिने ओळखल्या. “तोच कागद परत लिवतोस?” ती म्हणाली. “कागद खाऊन बरी होनार हाय का ती?”

“आजी, पद्धत असते.”

“पद्धत तुजी. अंग तिचं.”

मी रागावलो होतो, हे कबूल करतो. इतक्यात मंजुळाबाईने टेबलाच्या कडेला हात टेकला आणि अगदी सावकाश, लहान पोराला समजवावे तसे मला म्हणाली, “भाऊ, दुखतंय ते बैलाचं हाय. ते जाईल, मला कळतंय ते चाल्लंय. पन खडा माजा हाय. तो नाय चाल्ला.”

मी लेखणी खाली ठेवली. कधीपासून आहे, असे मी विचारले. तेव्हा तिने सारे सांगितले.

गेल्या वर्षी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, चिखलातून येऊन अंग धुताना तो पहिल्यांदा तिच्या बोटांना लागला. भाताच्या दाण्याएवढा. तेव्हा तो बोटाखाली पळत असे, इकडे दाबला की तिकडे जाई. भात कापायला आले तेव्हा तो वालाच्या दाण्याएवढा झाला. पाळी येऊन गेली की बाईचे अंग हलके होते, तेव्हाही तो हलका होत नसे, हे तिने दर महिन्याला बघून ठेवले होते. जत्रेच्या दिवशी सकाळी तो कच्च्या करवंदाएवढा होता. म्हणजे बैलाने मान झटकण्याच्या आधी. आणि आता तो पळत नाही, एका जागी रुतून बसला आहे, आणि त्याच्यावरची कातडी हात वर केला की आत ओढली जाते, उशीला मधोमध टाका घालावा तशी.

ही बाई शाळेची पायरी चढलेली नव्हती. घरात घड्याळ नव्हते, दिनदर्शिका नव्हती. मी माझ्या टेबलावर किती तरी शिकलेली माणसे पाहिली, ज्यांना स्वतःच्या जमिनीची चतुःसीमा सांगता येत नाही. आणि हिने आपल्याच अंगातल्या एका खड्याची नऊ महिन्यांची नोंद, एकही खाडाखोड न करता, दाण्यांच्या मापात, मनात लिहून ठेवली होती. एका माणसालाही सांगितली नव्हती. ज्या एका माणसाला सांगायला निघाली, त्या माणसाने ‘राहू द्या’ म्हटले होते.

“आधी का नाही सांगितलं हे सगळं?” मी विचारले. प्रश्न तोंडातून निघाल्यावर मला त्याची लाज वाटली.

“सांगत व्हती की,” मंजुळाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरे वाटले असते.

मी स्मरणपत्र फाडले. दुसऱ्या कागदावर दिनांक नाही, विषय नाही, सविनय नाही. ती बोलेल तसे लिहिले. तो कागद मला पाठ आहे. ‘माझे नाव मंजुळा. मला चार मुले, चौघांनाही मी दोन्ही थानांवर पाजले. कधी गाठ आली नाही की पू झाला नाही. मागच्या आवणीला डाव्या थानात खालच्या अंगाला खडा लागला, तो भाताएवढा होता. कापणीला वालाएवढा. म्हशाला करवंदाएवढा. त्या दिवशी बैलाचे शिंग लागले ते वरच्या अंगाला. त्याची कळ वेगळी. ती कमी होते आहे. खडा दुखत नाही पण पळतही नाही. मागच्या कागदात खडा लिहिला नव्हता. तो मी सांगितला होता. लिहिणाऱ्याने लिहिला नाही.’ हे शेवटचे वाक्य तिने सांगितले नव्हते. ते मी घातले.

मंगळवारी त्याच दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई येऊ लागल्या होत्या, अशी माहिती मी काढली. मंगळवारी टेबल बंद ठेवून मी दोघींबरोबर गेलो. बाईंनी खोलीत एक कापडी पडदा टांगून घेतला होता. त्यांनी कागद वाचला, एकदा मंजुळाबाईकडे पाहिले, पुन्हा वाचला, आणि तिला पडद्याआड नेले. मी आणि म्हातारी बाकावर बसलो. आत बोलणे जवळजवळ नव्हतेच. “हात वर करा.” मग शांतता. “आता खाली.” मग बराच वेळ शांतता. मी आयुष्यभर कागद वाचणारे साहेब पाहिले आहेत. चाळणारे, सही करून बाजूला सारणारे, उलटा धरून बघणारे. पण त्या पडद्यामागे कोणीतरी काही तरी इतक्या लक्षपूर्वक वाचत होते की बाहेर बसलेल्या माझा श्वासही हळू झाला. आणि ते वाचन बोटांनी चालले होते.

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारले, “हे कोणी लिहिलं?”

मी उभा राहिलो. “मी, बाई.”

“आजारपण इतकं नीट सांगितलेलं मी इथे आल्यापासून ऐकलं नव्हतं.” मग त्यांनी जुन्या केसपेपराला टाचलेला पहिला अर्ज माझ्यापुढे धरला. “आणि हे?”

“तोही मीच.”

“यात गाठ नाही.”

“नाही.”

त्या आणखी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी उत्तर तयार केले होते, नियमासह. ते मला कोणालाच द्यावे लागले नाही, आणि म्हणून ते आजही माझ्यापाशी तसेच पडून आहे.

मग त्यांनी मंजुळाबाईला समोर बसवून साध्या शब्दांत सांगितले. मार लागल्याने गाठ झाली, असे समजू नका. माराने आतले रक्त साकळून कधी टणक होते, ते दुखते आणि बहुतेक वेळा ओसरते. पण ही गाठ मारापूर्वीची आहे. बैलामुळे तुम्ही दवाखान्यात आलात, एवढाच त्याचा संबंध. गाठ कसली आहे ते बोटांनी कळत नाही, सुईने तपासावे लागेल. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जा. उद्याच जा.

“म्हंजे बैलाचे उपकार झाले म्हनायचे,” म्हातारी म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला.

मोठ्या रुग्णालयातही मी दोघींबरोबर गेलो, पण त्याचे वर्णन करणार नाही. ते माझ्या लेखणीबाहेरचे आहे. एवढेच सांगतो की तिथल्या एका लांब वऱ्हांड्यात भिंतीला लागून बायका बसल्या होत्या. नऊवारीतल्या, बुरख्यातल्या, पंजाबी पोशाखातल्या. आणि त्यांच्यातली प्रत्येक जण मंजुळाबाईसारखा डावा किंवा उजवा हात अंगाशी धरून होती. कोणी कोणाला विचारत नव्हते. जागा मात्र सरकून देत होत्या. मी त्या वऱ्हांड्यात टोपी काढून हातात धरली होती. का, ते मला सांगता येत नाही.

यंत्रावर गाठीचे माप घेणाऱ्या तरुण डॉक्टरने बोटांच्या चिमटीने आकार दाखवला. मंजुळाबाई म्हणाली, “करवंदाएवढा. मी तेच बोल्ली.” मग सुई. शिवणाच्या सुईहून थोडी लांब. तिच्यातून निघालेला थेंब त्यांनी काचेवर पसरला. त्या थेंबात माणसाचे पुढचे आयुष्य लिहिलेले असते आणि ते वाचणारी माणसे या जगात आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

थेंबात वाईटच निघाले. डावा स्तन पूर्ण काढावा लागेल, असे सांगण्यात आले. निरोप गेल्यावर नवरा वीटभट्टीवरून आला, तो अंगावर विटांची लाल धूळ घेऊन तसाच माझ्या टेबलापाशी. बिचारा शांत माणूस.

“भाऊ, एक अर्ज लिवाल?”

“कोणाला?”

“डाक्तरला. न कापता काय करता यील तर बगा, असा.”

मी पंचवीस वर्षांत कोणाला अर्ज लिहून द्यायला नकार दिला नाही. कोंबड्याच्या अर्जालाही नाही. त्याला म्हणालो, “बाबा, हा अर्ज चालेल अशी कचेरी नाही.” तो मान हलवून खाली बसला आणि टेबलाच्या सावलीत गुडघ्यांत डोके घालून रडला. मी कागद नीट लावीत राहिलो.

घरी त्याच्या मनाची तयारी म्हातारीने केली, असे मला नंतर कळले. तो म्हणाला, लोक काय बोलतील. त्यावर म्हातारी म्हणाली, “तुला दूध प्यायचं हाय का आता? नाय ना? मंग गप बस. मला सून पायजे, शिल्लक ऱ्हायली तेवढी चालंल.”

शस्त्रक्रिया वैशाखात झाली. काखेतल्या गाठीही काढून तपासायला पाठवल्या. त्यांच्यात रोग गेला असेल तर तो पुढे कुठेही जाऊ शकतो, आणि गेला नसेल तर या बाईला आयुष्य आहे, असे आम्हाला सांगितले होते. मी मनात दिवस मोजत असे. शिंगापासून शिमग्यापर्यंतचे दिवस. ते माझे होते. त्या दिवसांत तो खडा काखेपर्यंत चालत गेला असेल की नाही, एवढा एकच प्रश्न घेऊन मी रोज टेबलावर बसत असे आणि लोकांच्या विहिरी-बांधांचे अर्ज लिहीत असे.

तपासणीचा कागद खिडकीवरून घ्यायचा होता. नवरा कामावर परत गेला होता, म्हणून दोघींबरोबर मीच गेलो. खिडकीतल्या माणसाने पाकीट दिले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर वॉर्डात होत्या, तासाभराने भेटणार होत्या. आम्ही बाकावर बसलो. मंजुळाबाईने पाकीट माझ्या हातात दिले.

“वाचा भाऊ.”

मी कागद उघडला. टंकलिखित, दाट, सगळा इंग्रजी. आवारात माझा असा लौकिक आहे की मला इंग्रजी येते. मला ‘रिसीव्ह्ड’ येते, ‘अप्रूव्ह्ड’ येते, ‘रिजेक्टेड’ येते, आणि साहेबांच्या सह्या येतात. या जोरावर मी लोकांना पानेच्या पाने वाचून दाखवली आहेत, पुढचे-मागचे जुळवून. त्या कागदावर माझ्या ओळखीचा एकही शब्द नव्हता.

“वाच की रे,” म्हातारी म्हणाली. “तोंडात मीठ धरलंस का?”

जुळवून सांगणे अवघड नव्हते. चांगलेच आहे, असे म्हटले असते तर तासभर तरी दोघी सुखाने बसल्या असत्या. मी कागदाची घडी घातली.

“मला हे वाचता येत नाही,” मी म्हणालो.

“मंग इतकी वर्सं तिथं बसून काय करत व्हतास?”

“ऱ्हाऊ दे गो आते,” मंजुळाबाई सासूला म्हणाली. तिने पाकीट माझ्या हातातून घेतले आणि उजव्या हाताने मांडीवर धरून ठेवले. “ज्याला येतं त्याला देऊ.”

म्हातारीने शेंगदाण्यांची पुडी सोडली, एक दाणा तोंडात टाकला आणि पुडी पुन्हा बांधली. मंजुळाबाई समोरच्या दाराकडे पाहत होती. तिचे ओठ कोरडे पडले होते, पण पाणी हवे का म्हटल्यावर तिने नको म्हणून मान हलवली.

डॉक्टर आल्या. उभ्याउभ्याच त्यांनी कागद काढला. मी कागदाकडे पाहत होतो, सवयीने. मंजुळाबाई कागदाकडे बघतच नव्हती. ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती, आणि कागदाच्या दुसऱ्या पानावर डॉक्टरांची नजर जिथे थांबली, तिथे हिच्या खांद्यांतून काहीतरी उतरून गेले. डॉक्टरांच्या तोंडून अजून एक शब्दही निघालेला नव्हता.

“काखेतल्या सगळ्या गाठी स्वच्छ आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “पुढे गेलेलं नाही. औषध बरीच वर्षं घ्यावं लागेल, तपासायला यावं लागेल. पण पुढे गेलेलं नाही.”

म्हातारीने दोन्ही हात जोडले, मग पदराने नाक पुसले. मी भिंतीला टेकलो होतो.

मंजुळाबाईने एकच विचारले. “बाई, आवनीला जाऊ ना?”

“या वर्षी मुळीच नाही. डाव्या हाताला ओझं नको, चिखलात उभं राहणं नको. पुढच्या वर्षी जा.”

मंजुळाबाईने पाकीट घडी घालून कमरेला खोचले. मग सासूकडे वळून हळूच म्हणाली, “आयकलंस आते? पुढचं वरीस बोल्ली.”

“आयकलं,” म्हातारी म्हणाली. “ऊठ आता. मुरबाडची गाडी चुकल.”